घटना नसती तर जगण्याचा हक्क असता का?

मावळतीकर (धागाकर्ता)

बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस पोलिसांच्या गोळीने मेला. त्या चकमकीच्या धाग्यावर गेला आठवडाभर जे चाललंय, त्यात एकच वाक्य तीन-चार जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलं: 'हक्क माणसांना असतात, जनावरांना नाही.' तिथे आता नुसती हाणामारी उरली आहे, म्हणून हा वेगळा धागा. बदलापूरचा आरोपी दोषी होता की नव्हता, हे इथे नको. मला त्या वाक्याच्या मुळाशी असलेला प्रश्न हवाय. जगण्याचा हक्क माणसाला देतं कोण? सरकार? घटना? आणि कुणीतरी दिलेला असेल, तर त्याला तो परत घेता येतो का?

आपल्या सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न एकदा आडपडदा न ठेवता विचारला गेला होता. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला की घटनेच्या कलम १४ (समानता), २१ (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणि २२ (अटकेबाबतचं संरक्षण) यांच्या आधारे कुणालाही न्यायालयात दाद मागता येणार नाही. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या तेव्हाच्या कायद्याखाली, आत टाकलेल्यांनी ठिकठिकाणी हेबिअस कॉर्पसचे (डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा, असे) अर्ज केले. सरकारचं म्हणणं असं की हे अर्ज ऐकायलाच घेऊ नयेत. नऊ उच्च न्यायालयांनी ते मानलं नाही. त्यात आपलं मुंबई उच्च न्यायालयही होतं. मग प्रकरण दिल्लीला गेलं. एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याला ठार मारलं, तर त्यावर काही दाद आहे का? डे यांचं उत्तर साधारण असं होतं: माझ्या युक्तिवादाशी प्रामाणिक राहायचं तर आणीबाणी असेपर्यंत नाही. तुमच्या मनाला धक्का बसेल, माझ्याही बसतो, पण नाही.

मला या उत्तराचं काहीसं कौतुकच वाटतं. माणूस निदान लपवाछपवी करत नव्हता. जगण्याचा हक्क फक्त घटनेतून येतो आणि घटनेनेच तो स्थगित करायची सोय ठेवली आहे, ही दोन वाक्यं मान्य केली की तिसरं आपोआप येतं. २८ एप्रिल १९७६ ला चार न्यायमूर्तींनी ते मान्य केलं: सरन्यायाधीश ए. एन. रे, बेग, यशवंतराव चंद्रचूड, भगवती. एकटे खन्ना विरोधात. त्यांचं म्हणणं, कलम २१ नसतं तरी कायद्याचा आधार असल्याशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार राज्याला नसता. निकाल देण्याआधी त्यांनी बहिणीला सांगून ठेवलं होतं की हे लिहिल्यावर सरन्यायाधीशपद जाणार. तसंच झालं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये, खासगीपणाच्या खटल्यात, नऊ न्यायमूर्तींनी तो जुना निकाल रद्दबातल ठरवला. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूडांचं, म्हणजे १९७६ च्या चौघांपैकी एकाच्या मुलाचं. त्यात म्हटलंय की हे हक्क घटनेने निर्माण केलेले नाहीत, माणसात ते असतातच आणि घटना फक्त त्यांची दखल घेते.

वाचायला छान वाटतं. पण 'असतातच' म्हणजे कुठे असतात? निसर्गात? देवाघरी? इथेच माझं घोडं अडलंय.

कोर्टाची_पायरी

धागा आवडला. थोडी दुरुस्ती. चौघांनी 'जगण्याचा हक्क संपला' असं शब्दशः म्हटलेलं नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आणीबाणीपुरतं न्यायालयाच्या दाराला कुलूप लावलंय आणि किल्ली आमच्याकडे नाही. आत बसलेल्या माणसाला यात काय फरक पडतो, हा प्रश्न विचारू नका, वकिलाला फरक पडतो.

चौघांनाही आपण काय करतोय याची कल्पना होती, हे त्यांच्या भाषेवरून कळतं. बेग यांनी लिहिलं की स्थानबद्धांची राहण्याची, खाण्याची व्यवस्था इतकी चांगली आहे की सरकारची काळजी जवळजवळ आईसारखी आहे. चंद्रचूडांनी आशा व्यक्त केली, हिऱ्यासारखी लखलखीत आणि हिऱ्यासारखी कठीण, की कोठडीत मारहाण, उपासमार, गोळ्या घालणं असलं काही होणार नाही. आता तारीख बघा. केरळात कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला राजन नावाचा विद्यार्थी १ मार्च १९७६ ला उचलला गेला आणि पोलिसांच्या छळात मेला. निकाल आला एप्रिलच्या अखेरीस. त्याचे वडील हिंदीचे प्राध्यापक. मुलगा कुठे आहे हे विचारायला त्यांना न्यायालयात उभं राहता आलं ते १९७७ मध्ये, आणीबाणी उठल्यावर. आधी सरकारने त्याला पकडलंच नव्हतं असं सांगितलं, मग तो कोठडीत मेल्याचं कबूल करावं लागलं. मुख्यमंत्री करुणाकरन यांना पद सोडावं लागलं.

तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत गद्य आहे. हक्क स्वर्गातून येतो की संसदेतून, याने माझ्या अशिलाला जामीन मिळत नाही. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती मला जास्त मोलाची वाटते. तिने लिहून ठेवलं की आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित होणार नाहीत. कडी आतून लावली. संपलं.

बोरूबहाद्दर

वाचनखूण साठवली. सवडीने प्रतिसाद देतो. (देणार नाही, पण साठवली.)

गावकुसापलीकडे

निसर्गदत्त वगैरे ऐकलं की आम्ही आधी खिसा चाचपतो. कारण हा शब्द आमच्यावर फार वापरला गेलाय. माणसं मुळातच उच्चनीच आहेत, सृष्टीची रचनाच तशी आहे, हाही निसर्गनियमाचाच दावा होता. कोणाच्या मुखातून आणि कोणाच्या पायातून, हे सगळं 'असतंच' या थाटात लिहिलेलं आहे. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात, असं अॅरिस्टॉटलही लिहून गेला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ आठवा. १८६२ पासून २०१८ पर्यंत 'निसर्गक्रमाविरुद्ध' या एका शब्दावर माणसांना गुन्हेगार ठरवता येत होतं.

महाडचं उदाहरण घ्या, सगळे मार्चमध्ये फोटो टाकतात पण खटला कुणी वाचत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. म्हणजे छापील कायदा आमच्या बाजूने होता. तरी २० मार्च १९२७ ला पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांची डोकी फुटली, आणि तळ्याचं शुद्धीकरण झालं. डिसेंबरच्या परिषदेआधी सवर्णांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. त्यांचा दावा काय, तर अनादिकाळापासूनची वहिवाट. बाबासाहेबांनी काय केलं बघा. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण तळ्यावर जाऊन कोर्टाचा हुकूम मोडला नाही. दहा वर्षं खटला लढले. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि तोही माणुसकीच्या मुद्द्यावर नाही. वहिवाट 'अनादिकाळापासूनची' असल्याचं सिद्ध झालं नाही, एवढ्यावर!

ज्या परिषदेत ग्रंथ जाळला त्याच परिषदेत माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मांडला गेला आणि बाबासाहेबांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या सभेशी केली. म्हणजे जन्मसिद्ध हक्काची भाषा ते सोडत नव्हते. पण तळ्यासाठी भांडताना कागद, साक्षी, नकाशे. मला हीच रीत पटते.

मावळतीकर

@गावकुसापलीकडे, हा फार मोठा मुद्दा आहे आणि धागा काढताना तो माझ्यासमोर नव्हता. पण फुल्यांचं काय करायचं? सार्वजनिक सत्यधर्म (त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये छापलं गेलं) उघडलं की पहिल्यापासून निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता. निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना स्वतंत्र निर्माण केलं आहे, म्हणून कुणी कुणाला दास करू शकत नाही. शिवाय प्रत्येक वेळी 'स्त्री-पुरुष' असं लिहितात, नुसतं 'मनुष्य' लिहून भागवत नाहीत. टॉमस पेन वाचलेला हा माणूस इंग्रजांच्या राज्यात, पुण्यात बसून, घटना-बिटना काही नसताना म्हणतोय की हक्क आहेतच. त्याच्यापाशी दुसरा आधार कुठला होता? छापील कायदा तेव्हा त्याच्या बाजूने कितीसा होता?

गावकुसापलीकडे

मान्य. फुल्यांनी त्यांचंच हत्यार उलटं धरलं. सूर्य सगळ्यांना सारखा, पाऊस सगळ्यांना सारखा, मग तुम्ही मध्ये कोण? पण लक्षात घ्या, तो निर्मिक कुणाच्याही पोथीतला नव्हता. त्याला पुजारी नव्हता. निसर्गाचा अर्थ सांगायचं दुकान कुणाच्या हातात, यावर सगळं ठरतं.

रोखठोक_नगरकर

सगळं वाचलं. तुम्ही लोक हुशार आहात. आता माझं ऐका.

डिसेंबर २०१२ ला दिल्लीत ती बस. मार्च २०२० ला फाशी. सात वर्षं तिची आई तारखांना जात होती. मानवी प्रतिष्ठा मानवी प्रतिष्ठा करताय, ती त्या आईची नाही का? आपल्याकडे चार वर्षांच्या मुली आहेत बदलापुरात. त्यांची प्रतिष्ठा कोणत्या कलमात बसते? तुमचे खन्नासाहेब मोठे, पण ते राजकीय कैद्यांसाठी भांडले. साहित्यिक, पुढारी, प्राध्यापक. त्यांच्यासाठी भांडणं सोपं आहे. २०१९ ला हैदराबादमध्ये एका मुलीवरच्या बलात्कार-खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी उडवलं तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, ते सगळे वेडे होते का? तुमच्या घरात झालं असतं तर हा धागा काढला असता?

मावळतीकर

नसता काढला. रडलो असतो, कदाचित तुमच्यासारखंच बोललो असतो. म्हणूनच शिक्षा ठरवायला मला बसवत नाहीत.

बाकी 'सोपं आहे' हे तितकंसं खरं नाही. कऱ्हाडला डिसेंबर १९७५ च्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष आणि दुर्गाबाई भागवत अध्यक्ष. जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करा, एवढंच बाई म्हणाल्या. पुढे बाईंना अटक झालीच. त्या मांडवात बसलेल्या बाकीच्यांनी काय केलं याची यादी फार लांब नाही. पण तुमचा मुद्दा मी टाळत नाही. लाडका कैदी आणि नावडता कैदी यात फरक आहेच. खन्नांनी विचारलेल्या प्रश्नातला मेलेला माणूस मात्र ना पुढारी होता, ना लेखक. तो कुणीही होता.

कोर्टाची_पायरी

नगरकर, हैदराबादचं पुढे काय झालं ते वाचलंत का? सर्वोच्च न्यायालयाने न्या. सिरपूरकर आयोग नेमला. सिरपूरकर म्हणजे आपल्या नागपूर खंडपीठात वकिली केलेले, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले. २०२२ मध्ये अहवाल आला. चौघांना जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूने गोळ्या घातल्या, आणि पिस्तूल हिसकावल्याची पोलिसांची गोष्ट विश्वासार्ह नाही. त्यातले तिघे अल्पवयीन होते असंही नोंदवलंय. चौघांवर दोषारोप सिद्ध झालेले नव्हते. आता ते कधीच होणार नाहीत. म्हणजे त्या मुलीला न्यायालयाचा निकाल मिळालेलाच नाही.

उशिराबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. मी रोज त्यातच जगतो. पण उशीर होतो म्हणून इन्स्पेक्टरला न्यायाधीश केलं, तर उद्या तुमच्या जमिनीच्या वादात तोच इन्स्पेक्टर समोरच्या पार्टीचा पाहुणा निघेल. निरेन डे यांना विचारलेला प्रश्न हाच होता हो. 'वैयक्तिक वैरातून.' चकमकीनंतर गोळी वैरातून झाडली की कर्तव्यातून, हे सांगायला उरतो फक्त झाडणारा.

हॅम्बुर्गकर

इथे जर्मनीत यावर झालेला एक खटला सांगतो, कारण तो नगरकरांच्या बाजूने सर्वात कठीण उदाहरण आहे.

२००२, फ्रँकफर्ट. अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण. खंडणी घेताना पोलिसांनी कायद्याच्या एका विद्यार्थ्याला हेरलं आणि पकडलं. तो मुलाचा ठावठिकाणा सांगेना. मुलगा कुठेतरी तडफडत असेल या भीतीने पोलीस उपप्रमुखांनी हाताखालच्या अधिकाऱ्याला सांगितलं, बोलला नाहीस तर असह्य वेदना देऊ असं त्याला बजाव. हात लावला नाही, फक्त धमकी. तो बोलला. मुलगा आधीच मेलेला होता.

उपप्रमुखांनी जे केलं ते स्वतःच फाइलमध्ये लिहून ठेवलं. त्यांच्यावर खटला झाला आणि २००४ मध्ये ते दोषी ठरले. शिक्षा अगदी नाममात्र, दंड तोही राखून ठेवलेला. खुन्याला जन्मठेप झाली. पण तो स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि २०१० मध्ये तिथे ठरलं की त्याला मिळालेली वागणूक अमानुष होती. पुढच्या वर्षी फ्रँकफर्टच्या न्यायालयाने त्याला ३००० युरो भरपाई दिली. लहान मुलाच्या खुन्याला! इथले लोकही तुमच्याइतकेच भडकले होते, नगरकर. माझ्या ऑफिसात अजून यावर वाद होतो.

तरी हे का धरून बसतात? १९४९ च्या इथल्या घटनेचं पहिलं कलम म्हणतं, मानवी प्रतिष्ठेला हात लावता येणार नाही. आणि दुसरं एक कलम म्हणतं की हे तत्त्व घटनादुरुस्तीनेही बदलता येणार नाही. कारण नाझी राजवटीच्या बारा वर्षांत जे झालं त्यातलं बरंचसं रीतसर कायदे करून, शिक्के मारून झालं होतं. गुस्टाव्ह राडब्रुख नावाचे इथले कायदेपंडित १९४६ मध्ये लिहून गेले की कायदा अन्यायाच्या असह्य टोकाला गेला तर तो कायदा म्हणून मानायचाच नाही. मावळतीकर, तुमच्या 'कुठे असतात' या प्रश्नाचं उत्तर इथे कुणी देत नाही. पाया खणून पाहायचा नाही, असं ठरवून त्यावर घर बांधलंय.

अवांतर: आपली 'मूलभूत चौकट' (घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही, हे तत्त्व) येण्याआधी, १९६५ मध्ये, हायडेलबर्गचे डिट्रिश कॉनराड बनारसला व्याख्यानात दुरुस्तीच्या मर्यादांबद्दल बोलले होते. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात त्यांचा उल्लेख आहे.

रोखठोक_नगरकर

३००० युरो वाचून डोकं फिरलं. पण त्या उपप्रमुखाने स्वतः लिहून ठेवलं, हे आवडलं. आपल्याकडे असा एक दाखवा.

रेवा_१९

गेले चार दिवस वाचतेय. सगळी चर्चा गोळी आणि कोठडीभोवती फिरतेय, कारण त्यात नाट्य आहे.

मी महापालिकेच्या आरोग्य खात्यात आहे. हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या. २०२३ मध्ये ते ३० लाख केले. कलम २१ शाबूत, प्रतिष्ठा उद्देशिकेत लिहिलेली, कुठलीही आणीबाणी नाही. तरी माणूस दोरी बांधून उतरतो. उतरवणारा दर वेळी सरकारी माणूस नसतो. सोसायटीची टाकी तुंबली की सेक्रेटरी एका ठेकेदाराला फोन करतात, तो दोन मुलं पाठवतो. यंत्राच्या गाडीचा खर्च सभेत मंजूर होत नाही. हायड्रोजन सल्फाइडला आधी वास येतो, मग नाकच मरतं आणि वास येणं बंद होतं. आतल्या माणसाला वाटतं, हवा चांगली झाली. त्याला काढायला दुसरा उतरतो.

यातला एकही माणूस 'जनावर' नाही, कुणी त्याला तसं म्हणतही नाही. सगळे त्याला भाऊ, दादा म्हणतात. चहासुद्धा देतात, कागदी कपात.

गावकुसापलीकडे

+१००. कागदी कपातला चहा घेतलेला आहे.

मावळतीकर

रेवाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की आपली टाकी कोण साफ करतं. अजून उत्तर नाही, दोन निळ्या टिका आहेत.

माझ्या पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. खन्नांचं निकालपत्र पुन्हा वाचलं. ते देवाचं नाव घेत नाहीत आणि निसर्गाचंही नाही. उलट म्हणतात की जिवाचं आणि स्वातंत्र्याचं पावित्र्य घटना लिहिताना नव्याने आलेलं नाही, नखं-दातांच्या अवस्थेतून सुसंस्कृत जगण्याकडे येताना माणसाने जपलेल्या मूल्यांपैकी ते एक आहे. म्हणजे निसर्गातून मिळालेलं नव्हे, निसर्गापासून दूर येताना कमावलेलं. हे मला पटतं. पण मग एक भीती वाटते. कमावलेलं गमावताही येतं, आणि त्यासाठी राष्ट्रपतींच्या आदेशाची गरज नसते. १९७६ मध्ये सरकारने हिसकावलं होतं. बदलापूरनंतर 'बदला पुरा'चे फलक लागले, ते लावायला कुणी आणीबाणी आणली नव्हती.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याआधी युनेस्कोने जगभरातल्या विचारवंतांची मतं मागवली होती. त्याबद्दल जाक मारितँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने सांगितलेला किस्सा आहे: हक्कांच्या यादीवर आमचं एकमत आहे, अट इतकीच की 'का' ते कुणी विचारायचं नाही. हॅम्बुर्गकरांचा न खणलेला पाया तो हाच. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात आधी 'सर्व पुरुष' अशा अर्थाचा शब्द होता, तो बदलून 'सर्व मानव' करायला लावला तो तिथे भारताच्या प्रतिनिधी असलेल्या आपल्या हंसाबेन मेहतांनी. फुले हसले असते.

रोखठोक_नगरकर

ठीक आहे, गोळीचं सोडा. पण मग धिंडीचं काय? कोयता घेऊन गाड्या फोडणाऱ्या पोरांना पोलीस त्याच चौकातून चालवत नेतात, गुडघ्यावर बसवतात, माफी मागायला लावतात. कुणी मरत नाही. दहशत मोडते. आमच्याकडे गेल्या वर्षी केलं तेव्हा दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पायरीसाहेब, हेही बेकायदा का?

कोर्टाची_पायरी

गुन्हा कसा घडला हे पाहण्यासाठी आरोपीला जागेवर नेता येतं, पंचनामा करता येतो. त्या नावाखालीच हे चालतं. गुडघ्यावर बसवणं, कान धरायला लावणं, त्याचं रील काढणं याला कुठल्याही कायद्यात आधार नाही. साध्या बेड्यांबाबतसुद्धा १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की सरसकट बेड्या घालणं अमानुष आहे, कारण नोंदवावं लागेल. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४३ (३) मध्ये, सराईत गुन्हेगार आणि काही ठरावीक गंभीर गुन्ह्यांसाठी बेड्यांची मुभा दिली आहे. म्हणजे कायदा थोडा सैल झालाय. पण त्यातही बेड्या आहेत, वरात नाही.

आणि त्या पोरांपैकी एखादा पुढे निर्दोष सुटला तर त्याचं रील कोण काढणार? टाळ्या वाजवणाऱ्या दुकानदारांनी सांगावं. तुमच्यासकट.

रोखठोक_नगरकर

विचार करून सांगतो. आत्ता लगेच पटलंय असं समजू नका.